सोनेरी पुतळा आणि संघटनेची मतपेटी

ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा जवळ येऊ लागला की चित्रपटप्रेमींमध्ये अंदाजांना ऊत येतो. अमेरिकेतील एका धनाढ्य व्यवसायाने स्वतःच स्वतःची उतरवलेली ही आरती. तिची चर्चा समाजवादी साप्ताहिकाच्या पानांवर कशासाठी, असा प्रश्न काही साथी विचारतील. प्रश्न रास्त आहे. लेखकाला चित्रपटांचे वेड आहे, एवढे उत्तर त्यावर पुरेसे नाही. खरे उत्तर असे की, या सोहळ्याचे अंदाज ज्या आधारावर बांधले जातात, तो आधार कामगार संघटनांनी निर्माण केलेला आहे. आणि ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

अंदाज वर्तवणारे जाणकार नेमके काय पाहतात? समीक्षकांचे कौल ते वाचतात, पण त्यांवर विसंबत नाहीत. तिकीटबारीवरच्या गल्ल्यावर तर नाहीच नाही. ते वाट पाहतात ती दिग्दर्शकांच्या, नटांच्या आणि पटकथालेखकांच्या संघांनी दिलेल्या पारितोषिकांची. हे तिन्ही संघ म्हणजे मंडळे किंवा क्लब नव्हेत. मालकांशी करार करणाऱ्या, प्रसंगी संप पुकारणाऱ्या त्या कामगार संघटना आहेत. त्यांच्या जोडीला निर्मात्यांच्या संघाचाही निकाल पाहिला जातो. तो अर्थातच दुसऱ्या बाजूचा.

आता या अकादमीचा जन्म पाहा. १९२६ च्या नोव्हेंबरात हॉलिवूडमधील सुतार, वीजकामगार, रंगारी, रंगमंच कामगार आणि वादक यांच्या संघटनांशी स्टुडिओंना करार करणे भाग पडले. उद्या हेच लोण नट, लेखक आणि दिग्दर्शकांपर्यंत पोहोचले तर काय, ही मालकवर्गाची धास्ती होती. मेट्रो-गोल्डविन-मेयरचे प्रमुख लुई मेयर यांच्या पुढाकाराने १९२७ साली अकादमी स्थापन झाली. मालक आणि कलावंत एकाच छताखाली बसतील, तंटे आपसात मिटतील, मग वेगळी संघटना हवीच कशाला, असा तो हिशेब होता. कंपनीच्या आश्रयाने चालणारी युनियन ज्यांनी गिरणगावात पाहिली आहे, त्यांना हा डाव ओळखता येईल. पारितोषिके ही या योजनेची शोभा होती. १६ मे १९२९ रोजी झालेला पहिला सोहळा अवघ्या पंधरा मिनिटांत आटोपला होता.

डाव फसला तो मंदीच्या काळात. १९३३ च्या मार्चमध्ये स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी निम्म्या पगारकपातीची योजना पुढे केली आणि अकादमीने तिला मान्यता दिली. छत्र कोणाचे आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. त्याच वर्षी लेखकांचा आणि नटांचा संघ उभा राहिला. १९३६ साली दिग्दर्शकांचाही. त्या वर्षी ‘द इन्फॉर्मर’ या चित्रपटाचे पटकथालेखक डडली निकोल्स यांनी लेखक संघाच्या लढ्याशी इमान राखून आपले पारितोषिक नाकारले. १९३७ साली नटांच्या संघाला स्टुडिओंची मान्यता मिळाली आणि अकादमीला कामगारविषयक व्यवहारातून अंग काढून घ्यावे लागले. तिच्या हाती उरली ती पारितोषिके.

म्हणजे संघटनांना दूर ठेवण्यासाठी जी संस्था जन्माला आली, तिचा निकाल आज संघटनांच्या मतपेटीवरून आधी ओळखला जातो. इतिहासाने उगवलेला हा सूड मोठा गमतीचा आहे. त्यात चमत्कार मात्र काही नाही. अकादमीचे मतदार दहा हजारांच्या आसपास आहेत, त्यांतील अनेकजण या संघांचेही सभासद आहेत आणि नटांचा विभाग अकादमीत सर्वांत मोठा आहे. काम करणारा माणूस सोबत्याच्या कामाला मत देतो, एवढेच.

संघटना आली म्हणजे सारे शुद्ध झाले, असे मानण्याचा भाबडेपणा मात्र आपण करू नये. १९४७ साली कम्युनिस्टविरोधी चौकशीचे सत्र सुरू झाले, तेव्हा नटांच्या संघाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते आणि ते त्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. पटकथालेखक डाल्टन ट्रंबो तुरुंगात गेले. सुटल्यावर टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या ‘द ब्रेव्ह वन’ला १९५७ साली पारितोषिक मिळाले, तेव्हा ते घ्यायला येणारा ‘रॉबर्ट रिच’ नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. पुढच्या वर्षी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचा मान मूळ फ्रेंच कादंबरीकाराला देण्यात आला, ती लिहिणारे मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन काळ्या यादीत होते. संघटनेचे नाव मोठे असून भागत नाही. कसोटीच्या क्षणी ती कोणाच्या पाठीशी उभी राहते, हे पाहावे लागते.

आता अंदाजांकडे वळू. नामांकनांची नावे दरवर्षी बदलतात आणि वृत्तपत्रे ती छापतातच. येथे मांडायचे आहेत ते कोणत्याही वर्षी पडताळून पाहता येतील असे ठोकताळे.

पहिला, दिग्दर्शनाचा. दिग्दर्शकांच्या संघाने ज्याला निवडले, त्याच्याच हाती बहुधा ऑस्करचा पुतळा दिसेल. हे समीकरण क्वचितच चुकते.

दुसरा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. येथे २०१० च्या सोहळ्यापासून पसंतीक्रमाने मतदान होते. विधान परिषदेच्या निवडणुकीत राबलेल्या कार्यकर्त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मते मिळालेला चित्रपट बाद होतो, त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळतात आणि निम्म्याहून अधिक मते एकाच्या पारड्यात पडेपर्यंत हे चालते. अशा मोजणीत थोड्यांना अत्यंत प्रिय असलेल्या चित्रपटापेक्षा कोणालाच नकोसा नसलेला चित्रपट तरून जातो. २०१९ साली मेक्सिकोतील एका मोलकरणीच्या आयुष्यावरचा ‘रोमा’ दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळवूनही मागे राहिला आणि ‘ग्रीन बुक’ जिंकला. माझ्या मते तो निकाल चुकीचा होता. ‘रोमा’ घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या शेजारी बसून तिचे जग पाहतो. ‘ग्रीन बुक’ वंशद्वेषाचा प्रश्न दोन भल्या माणसांच्या मैत्रीत विरघळवून टाकतो. म्हणून निर्मात्यांचा आणि नटांचा संघ दोघेही एकाच चित्रपटापाशी थांबले, तर पैज तिथेच लावावी.

तिसरा ठोकताळा या दोन्हींच्या उलट जाणारा आहे. दोन संघांचे कौल वेगळे पडले तर नटांचा आणि लेखकांचा कौल हलका समजू नये. २०२० साली दिग्दर्शक आणि निर्माते या दोन्ही संघांनी ‘१९१७’ या युद्धपटाला पसंती दिली होती. नटांच्या संघाने संपूर्ण नटसंचाचे आणि लेखकांच्या संघाने पटकथेचे पारितोषिक दिले ते कोरियाच्या ‘पॅरासाइट’ला. तळघरवजा खोलीत राहणारे कुटुंब आणि टेकडीवरचा श्रीमंत बंगला यांच्यातले अंतर मोजणारा तो चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला हा मान प्रथमच मिळत होता. तो निकाल मात्र सर्वार्थाने योग्य होता.

चौथा अंदाज सर्वांत खात्रीचा आहे. प्रसिद्ध नट बोलत असेल तेव्हा वाद्यवृंद थांबून राहील. ध्वनिमुद्रक किंवा रंगभूषाकार बोलू लागला की संगीत सुरू होईल. २०२२ साली तर संकलन, ध्वनी, रंगभूषा, कलादिग्दर्शन, संगीत यांसह आठ पारितोषिके थेट प्रक्षेपणापूर्वीच उरकून घेतली गेली. व्यवसायातून निषेध झाला आणि पुढच्या वर्षी ती प्रक्षेपणात परत आली. जीव धोक्यात घालणाऱ्या साहसदृश्यांच्या कामगारांना तर पारितोषिकच नव्हते. दीर्घकाळच्या मागणीनंतर ते २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यापासून देण्याचे ठरले आहे. मान हा वेतनासारखाच असतो. मागितल्याशिवाय तोही मिळत नाही.

२०२३ साली अमेरिकेतील लेखकांनी १४८ दिवस आणि नटांनी ११८ दिवस संप केला. यंत्राने लिहिलेला मजकूर आणि यंत्राने उसना घेतलेला चेहरा यांना वेसण घालण्याची मागणी त्यात होती. पुढच्या वर्षीच्या सोहळ्यात सूत्रधाराने पडद्यामागच्या कामगारांना मंचावर बोलावले आणि सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांना किंमत होती, कारण मागे संघटनेचे बळ होते.

आपल्याकडे काय आहे? ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथय्या कोल्हापूरच्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना हा मान मिळाला. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण ती वेशभूषा शिवणाऱ्या, धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या हातांची चौकशी आपण करत नाही. २०१५ साली भारतातर्फे पाठवल्या गेलेल्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. गटारात उतरून मेलेल्या कामगाराभोवती फिरणाऱ्या त्या चित्रपटाला नामांकन मिळाले नाही. म्हणून त्याची योग्यता तसूभरही कमी होत नाही.

१९८१ साली संसदेने चित्रपट कामगारांसाठी कायदा करून लेखी करार बंधनकारक केला. तरीही २००८ च्या ऑक्टोबरात मुंबईतील चित्रपट कामगारांच्या महासंघाला थकलेल्या मजुरीसाठी काम बंद करावे लागले. १९८१ चा तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावून घेतला गेला आहे. त्यातले संरक्षण प्रत्यक्ष सेटवर किती पोहोचते, हे तपासणे संघटनेचेच काम आहे. आपले झगमगते पुरस्कार सोहळे तर प्रायोजकांच्या आणि वाहिन्यांच्या जिवावर चालतात. तिथल्या निकालाचा अंदाज कामगार संघटनेच्या मतावरून बांधता येत नाही, यातच आपल्या व्यवसायाची अवस्था कळते.

म्हणून कार्यकर्त्यांनी ऑस्करचा सोहळा अवश्य पाहावा, पैजाही लावाव्यात. आणि गोरेगावच्या किंवा कोल्हापूरच्या चित्रनगरीत दिवे उचलणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत: लेखी करार आहे का, कामाचे तास ठरलेले आहेत का, अपघात झाला तर भरपाई कोण देणार? पारितोषिकांचे निकाल कळायला फार तर एक रात्र जागावे लागते. या प्रश्नांची उत्तरे मिळवायला संघटना बांधावी लागेल.