मुक्त आणि मोकळा

मुक्ताईनगरचे जुने नाव आणि नवे नाव, दोन्हींच्या मुळाशी एकेक विशेषण आहे. एदलाबाद हे ‘आदिलाबाद’चे मराठी वळण, आदिलशाहीची एदिलशाही झाली तसेच. ‘आदिल’ म्हणजे न्यायी, हे विशेषण अरबी. नवे नाव कोथळी-मेहूणला ज्यांची मंदिरे आहेत त्या संत मुक्ताबाईंचे. त्यातले ‘मुक्त’ हे ‘मुच्’, म्हणजे सोडणे, या संस्कृत धातूपासून झालेले विशेषण.

‘मुक्ता’ म्हणजे मोतीही. शिंपल्यातून सुटलेला म्हणून मुक्ता, असे जुने स्पष्टीकरण आहे. पण तमिळमध्ये मोत्याला ‘मुत्तु’ म्हणतात, आणि त्याच द्राविडी शब्दाला संस्कृत पेहराव चढवून ‘मुक्ता’ झाला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. ते अधिक पटण्याजोगे आहे.

मराठीत ‘मुक्त’ दोन वाटांनी आला. एक पोथीची: रूप जसेच्या तसे, लिंगवचनाने न बदलणारे. दुसरी बोलण्यातली: प्राकृतात ‘मुक्क’, पुढे ‘ल’ प्रत्यय लागून ‘मोकळा’. तापीकाठच्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘मोकया’. ‘मोकलणे’ हे क्रियापद मराठीत आता धाय मोकलून रडण्यापुरतेच उरले. गुजरातीत मात्र ‘मोकलवुं’ म्हणजे पाठवणे. सोडणे ते पाठवणे, अर्थ एवढाच सरकला.

लॅटिनमधल्या ‘लीबेर’, म्हणजे मुक्त, या विशेषणाचीही अशीच पांगापांग झाली. स्पॅनिश ‘लिब्रे’, पोर्तुगीज ‘लिव्रे’, इटालियन ‘लिबेरो’ ही त्याची रूपे. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ फ्रेंचमध्ये सोडण्यावरून सुपूर्द करण्यावर गेला, आणि त्याच कुळातली ‘डिलिव्हरी’ इंग्रजीमार्गे मराठीत आली. कुरिअरची डिलिव्हरी गुजराती ‘मोकलवुं’च्या शेजारी बसते. दवाखान्यातल्या डिलिव्हरीला मराठी घरात जुना शब्द आहेच: बाई मोकळी झाली. कोणी कोणाकडून उसने घेतले नाही, तरी वाट एकच.

मुळे मात्र वेगळी. ‘लीबेर’चा धातू वाढण्याचा, संस्कृत ‘रुध्’-‘रुह्’चा सख्खा, मराठी ‘रोप’ त्याच घरातले. वाढलेले ते लोक, लोकांपैकी तो आपला, आणि आपला तो गुलाम नव्हे, असा तो अर्थ चढत गेला. जर्मन ‘लॉइटे’ म्हणजे लोक, हाही त्याच धातूचा. लॅटिनमध्ये ‘लीबेरी’ म्हणजे घरची मुले. तिथे स्वातंत्र्य जन्माने येते. ‘मुक्त’मध्ये आधी बंधन असते, मग ते सुटते.

म्हणून ‘मुक्त’ म्हटले की ‘कशापासून?’ हा प्रश्न येतोच. कर्जमुक्त, तंटामुक्त, हागणदारीमुक्त: सरकारी फलकांनी हा शब्द प्रत्ययासारखा राबवला आहे, जरा जास्तच. ‘विमुक्त’ जातींच्या नावात तर बंधनाचा इतिहासच आहे. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, त्या सुटकेचे ते नाव. याउलट कवी अनिलांनी मराठीत रुजवलेला मुक्तछंद किंवा 1989 साली नाशिकला स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ, यांतला ‘मुक्त’ युरोपीय कल्पनांसाठी योजलेला आहे. त्यामुळे तिथे बंधनाची आठवण फिकट आहे.

‘मोकळा’ने ती केव्हाच टाकून दिली. मोकळी जागा, मोकळा भात, मोकळे मन. इथे कशापासून, असे कोणी विचारत नाही. आणि मुक्ताईनगरच्या स्थानकावरही एसटी मोकळी मिळते, मुक्त नव्हे.