दृष्टि, सृष्टि आणि कुदळ

‘दृष्टि तशी सृष्टि’ ही म्हण आपल्याकडे फार मानाची आहे. निबंधाच्या वहींत, निरोपसमारंभाच्या भाषणांत, किंबहुना लग्नघरच्या उपदेशांतहि तिची हजेरी ठरलेली. विद्यार्थ्यास ‘आनंदी वृत्ति’ हा विषय द्यावा, कीं पहिल्या चार ओळींत ती यावयाचीच! तिचा अनादर करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु ती ज्या अर्थानें सांगितली जाते त्या अर्थानें ती निम्मीच खरी आहे, असें आम्हांस वाटतें. आणि उरलेलें निम्में कोणतें याचा शोध घ्यावयास चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या दोन अरण्यमय जिल्ह्यांएवढी सोयीची भूमि दुसरीकडे क्वचितच सांपडेल.

वैशाखांत चंद्रपुरास पारा ४६-४७ अंशांवर जातो. हवा शीतल आहे अशी दृष्टि कितीहि निष्ठेनें ठेवली तरी तो अर्ध्या अंशानेंहि खालीं येत नाहीं. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळीं पलीकडच्या तीरावर एखादी बाळंतीण अडली असतां तिच्या माणसांस ‘मन प्रसन्न ठेवा’ असें सांगणें हा उपदेश नव्हे, क्रौर्य होय. भरल्या पोटानें उपाशी माणसास समाधानाचे धडे देऊं नयेत, एवढें तारतम्य आनंदाचा पुरस्कार करणाऱ्यांनीं राखावयास हवें. तें नेहमींच राखलें जातें असें नाहीं.

याच्या उलट टोंकास जें दुसरें व्यसन आहे, तें मात्र याहून कमी घातक नव्हे. त्याचें नांव कुरकुर. पाऊस आला तर चिखलाबद्दल, न आला तर धुळीबद्दल, एस. टी. उशिरां आली तर उशिराबद्दल आणि वेळेवर आली तर गर्दीबद्दल! तक्रार आणि कुरकुर या दोन वस्तु निराळ्या आहेत. तक्रारीला पत्ता असतो. ती कोणा तरी अधिकाऱ्याच्या मेजावर जाऊन पडते व उत्तर मागते. कुरकुरीला पत्ता नसतो. ती पारावर जन्मते आणि पारावरच संध्याकाळीं विझते, दुसऱ्या दिवशीं पुन्हां पेटण्यासाठीं.

आमच्या भागास या व्यसनाचा एक खास प्रकार जडलेला आहे. गडचिरोलीस बदली म्हणजे शिक्षा, अशी समजूत सरकारी नोकरवर्गांत फार दिवसांपासून रूढ आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून हा जिल्हा वेगळा निघाला. परंतु ‘मागास’ आणि ‘दुर्गम’ हीं दोन विशेषणें कांहीं त्याचा पिच्छा सोडीत नाहींत. परक्यांनीं तीं वापरावीं याचें फारसें दुःख नाहीं. दुःख याचें, कीं येथें जन्मलेला मुलगा तीं ऐकत ऐकत मोठा होतो, नागपूर-पुण्याच्या वसतिगृहांत आपल्या गांवाचें नांव विचारलें असतां अडखळतो, आणि ज्या मातींत आपण वाढलों ती कोणाची तरी शिक्षा आहे असें मनांतल्या मनांत मान्य करून बसतो. विद्यार्थिमित्रहो, या विषयाला आम्ही हात घातला तो एवढ्याचसाठीं.

आतां आनंदवनाकडे वळूं. त्याचें नांव ऐकिलें नाहीं असा वाचक मिळणें कठीण. तथापि फार परिचयानें वस्तु दिसेनाशी होते, म्हणून थोडें सविस्तर लिहितों. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हे वरोऱ्यास वकिली करीत. १९४९ मध्यें त्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि १९५१ मध्यें गांवाबाहेरच्या खडकाळ, सापविंचवांनीं भरलेल्या जमिनीवर ते पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे आणि सहा कुष्ठरोगी यांसह राहावयास गेले. पदरीं चौदा रुपये आणि एक लंगडी गाय होती, असें सांगतात. पाणी नव्हतें. अशा जागेला त्यांनीं नांव दिलें ‘आनंदवन’!

या नांवाजवळ क्षणभर थांबावें. आनंद तेथें नव्हता. वन म्हणावें तर तेंहि झाडझुडूप आणि धोंडे यांचेंच. राहणारे म्हणजे ज्यांस घरच्यांनीं टाकलें, गांवानें वेशीबाहेर घातलें, असे. एखाद्या विनोदी लेखकानें ही जागा पाहून हें नांव सुचविलें असतें तर तो निर्दय उपहास ठरला असता. मग तो उपहास कां ठरला नाहीं? आमचें उत्तर असें, कीं पाटी लावून मंडळी भजन करीत बसलीं नाहींत. विहीर खणूं लागलीं. ज्यांचीं बोटें झडलीं होतीं त्यांनीं कुदळ धरली. पुढें त्याच रानांत धान्य पिकलें, भाजी पिकली, गाईगुरें झालीं. तेथील भाजी आणि दूध घ्यावयास गांवकरी प्रथम तयार नव्हते. पुढें तेच घेऊं लागले. १९६४ मध्यें आनंद निकेतन महाविद्यालय निघालें आणि ज्या वस्तीजवळून लोक नाकास पदर लावून जात त्या वस्तींत धडधाकट घरांतलीं मुलें शिकावयास येऊं लागलीं. म्हणीचें उरलेलें निम्में तें हें. दृष्टीनें सृष्टि बदलली खरी, पण मध्यें कुदळ होती.

कुष्ठरोगासंबंधानें एक शास्त्रीय गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. या रोगाचे जंतु नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं १८७३ मध्यें शोधून काढिले. ते ज्ञानतंतूंवर हल्ला करतात व त्यामुळें कातडी बधिर होते. हातापायांची जी हानि आपणांस दिसते तिचें मोठें कारण ही बधिरताच होय: चटका बसला तरी कळत नाहीं, खिळा रुतला तरी कळत नाहीं, जखम चिघळते आणि माणूस तसाच चालत राहतो. वेदना हा शत्रु नसून पहारेकरी आहे, हें त्या रोग्याइतकें कोणास ठाऊक असेल? आजकाल ‘सदैव हसतमुख राहा’ अशी जी शिकवण जिकडेतिकडे मिळते ती ऐकून आम्हांस पुष्कळदां या बधिर कातडीची आठवण होते. ज्यास शेजाऱ्याचें दुःख टोंचत नाहीं, स्वतःचें दारिद्र्य खुपत नाहीं, त्याची प्रसन्नता हें आरोग्याचें लक्षण समजूं नये.

बाबा आमटे असे बधिर नव्हते. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतां त्यांनीं सफाई करणारांबरोबर मैल्याची पाटी डोक्यावर वाहिली होती. आपणांस कशाचें भय नाहीं अशी त्यांची समजूत होती. एके पावसाळी रात्रीं तुळशीराम नांवाचा कुष्ठरोगी, शरीर सडलेलें, किडे पडलेले, अशा स्थितींत वाटेंत पडलेला त्यांना दिसला. आणि ते पळाले. ‘मी भ्यालों’ ही गोष्ट त्यांनीं दडविली नाहीं. ते परत गेले, त्याची शुश्रूषा केली, आणि पुढें कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत जाऊन या रोगाच्या चिकित्सेचें शिक्षण घेतलें. आशावाद येथें स्मितहास्यापासून सुरू झालेला नाहीं. तो भीतीच्या कबुलीपासून सुरू झाला आहे. शिवाय त्यांचें स्वतःचें शरीर त्यांस साथ देत होतें असेंहि नाहीं. पाठीच्या कण्याच्या विकारामुळें उतारवयांत त्यांस बसतां येत नसे. उभें राहावें किंवा आडवें व्हावें. १९८५ मध्यें कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत जी ‘भारत जोडो’ यात्रा निघाली ती त्यांनीं बहुतेक गाडींतल्या बिछान्यावर पडून केली.

‘मग अशा माणसाचें सगळेंच सफल झालें असेल,’ असें कोणी म्हणेल. तसें नाहीं, आणि हा भाग गाळून त्यांचें चरित्र मुलांना सांगणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. १९९० मध्यें आनंदवन सोडून ते नर्मदेच्या तीरीं कसरावद येथें जाऊन राहिले व सरदार सरोवराच्या विरोधांत उभे ठाकले. धरण झालें. त्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनीं, २०१७ मध्यें, त्याचें लोकार्पणहि झालें. धरणाच्या बऱ्यावाईटाविषयीं मतभेद असूं शकतील. परंतु उमेद बाळगली म्हणजे यश हटकून मिळतें हें विधान जो करील त्यानें नर्मदेचाहि विचार करावा.

दुसरें उदाहरण गडचिरोलीचें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें ‘सर्च’ ही संस्था काढिली. येथील तान्हीं मुलें मोठ्या संख्येनें दगावत. ‘दैवाची इच्छा’ म्हणून निःश्वास सोडणें हा एक मार्ग होता आणि ‘हळूहळू सुधारेल’ म्हणून धीर देणें हा दुसरा. या दांपत्यानें तिसरा मार्ग धरिला: त्यांनीं मृत्यु मोजले. घरोघर जाऊन, कोणतें मूल कितव्या दिवशीं व कशानें गेलें हें टिपून घेतलें. आम्हांस ही मोजणी म्हणजे आशेचें अत्यंत कठोर आणि म्हणूनच अत्यंत खरें रूप वाटतें. कारण जें बदलणें शक्य आहे असें मनापासून वाटतें तेंच मनुष्य मोजतो. पुढें गांवांतल्याच स्त्रियांना नवजात बालकांची निगा, श्वासाची मोजणी, ऊब आणि औषधोपचार शिकवून ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलें. ३९ गांवांत हा प्रयोग झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें, आणि १९९९ मध्यें ‘लान्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकानें तो अहवाल छापिला. रुग्णालय हाकेच्या अंतरावर नव्हतें, रस्तेहि एकाएकीं झाले नव्हते. बदललें तें एवढेंच, कीं खेड्यांतली बाई हें काम करूं शकेल असें कोणास तरी वाटलें व त्यानें तिला शिकविलें.

‘हीं थोरांचीं चरित्रें, आम्हां सामान्यांचें काय?’ हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. आनंदवनाच्या विहिरी एकट्या बाबांनीं खणल्या नाहींत आणि आरोग्यदूत स्त्रियांपैकीं कोणाचें चरित्र पाठ्यपुस्तकांत नाहीं. पण दूर कशाला जावें? चैत्रांत आपलें रान पहा. पानें गळालेलीं, नाले आटलेले, वाटसरूच्या डोळ्यांस सारें जळून गेल्यासारखें. नेमक्या याच दिवसांत निष्पर्ण मोहाला फुलें येतात. तीं पहांटे गळतात, आणि सूर्य वर येण्यापूर्वीं टोपली घेऊन बायका व मुलें झाडाखालीं वेंचीत असतात. जो काळ परक्याला मरणाचा दिसतो तो त्यांच्या कमाईचा काळ असतो. त्यापाठोपाठ तेंदूच्या पानांचा हंगाम येतो. त्या बायकांस कोणीं ‘आनंदी वृत्ति’ शिकविलेली नाहीं. मोह केव्हां गळतो हें मात्र त्यांना ठाऊक असतें, आणि त्या वेळीं त्या जाग्या असतात. त्यांचे कष्ट गोड आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. उन्हांत वांकून पाठ मोडते व भाव पाडून मागणाराहि कोणी तरी असतोच. म्हणूनच तक्रारीचा त्यांचा हक्क कोणीहि आनंदाच्या नांवाखालीं हिरावून घेऊं नये.

या संबंधांत धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवाची हकीकत ध्यानांत घेण्याजोगी आहे. भोंवतालचें रान आपलें, परंतु बांबू तोडावयाचा तर कागद दुसऱ्याचा, अशी त्यांची स्थिति होती. या गांवानें कुरकुर केली नाहीं आणि ‘चाललें आहे तें बरें आहे’ असेंहि म्हटलें नाहीं. अभ्यासगट नेमून, कायदे वाचून, वाद घालून त्यांनीं मार्ग काढिला, व २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर वनावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. हक्कपत्र हातीं आलें तरी बांबू वाहून नेण्याच्या परवान्यासाठीं झगडावें लागलेंच. तो परवाना ग्रामसभेच्या हातीं २०११ च्या एप्रिलमध्यें पडला. त्यांनीं तोहि काळ वाट पाहत नुसता घालविला नाहीं, पत्रें लिहिलीं.

या गांवच्या सभेची एक रीत आम्हांस विशेष आवडते. तेथें बहुमतानें निर्णय होत नाहींत. सर्वांची सहमति लागते. एकाचाहि विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीस जातो. तोंवर ‘नाहीं’ म्हणणाऱ्यास कोणी रडतोंड्या म्हणत नाहीं कीं उठवून लावीत नाहीं. तो तेथेंच सर्वांबरोबर बसलेला असतो, आणि त्याचें काय म्हणणें आहे तें पुन्हां एकदां विचारलें जातें.