उचलून नेण्यापेक्षा उतार बांधा

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक चाकाच्या खुर्चीवरून नोकरीला गेल्या, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. दोघांचं कौतुक आपण भरपूर करतो.

साताऱ्यातल्या आमच्या मशिदीला मात्र पाच पायऱ्या आहेत. झाडावरून पडून मणका मोडलेला माझा चुलतभाऊ खुर्चीवर असतो. "आम्ही उचलून नेतो की," जमातीतले लोक म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण त्याला रोज पाच वेळा चौघांची वाट बघायची नाहीये. उभं राहता येत नसेल त्याला बसून नमाज पढायची मुभा दीननेच दिलीय. अडवलंय ते पायऱ्यांनी. वुजूच्या नळापर्यंतही त्याचा हात पोचत नाही. मिनाराला रंग झाला, उताराला म्हणे पैसे नाहीत! येत्या जुम्याला नमाजनंतर मी विश्वस्तांना हिशेब विचारणार आहे.