डुकरानं खाणं सोडलं, की त्याच दिवशी कळवा

सकाळी खाणं टाकलं आणि एरवी अंगावर धावून येणारी डुकरीण कोपऱ्यात पडून राहिली, तर आधी तिचे कान बघा. कानांची टोकं, पोटाखालची आणि मांड्यांच्या आतली कातडी लाल-जांभळी पडली असेल, हात लावताच अंग भाजल्यासारखं गरम लागत असेल, तर शेडचं दार लावा आणि पशुवैद्यकाला फोन करा. जनावर विकायला व्यापाऱ्याला नंतरही नको. ही विनंती डुकरं पाळणाऱ्या प्रत्येक घराला आहे. पण या घरांपर्यंत लेखी सूचना फारशा पोचत नाहीत. म्हणून तुमच्या ओळखीत, शेजारवस्तीत कोणी डुकरं पाळत असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर या रोगाबद्दल मी बोलतो आहे. विकायच्या घाईला मी दोष देत नाही. दोन डुकरिणी म्हणजे त्या घराची पोरांची फी आणि दवाखान्याचा खर्च असतो. जनावर मरण्याआधी चार पैसे सुटावेत, असं कोणालाही वाटणारच. पण त्या जनावराच्या पोटात काय चाललंय हे एकदा समजलं, की ही घाई किती महाग पडते ते लक्षात येईल.

या रोगाचा विषाणू शिरतो तो शरीराच्या राखणदारातच. रक्तात आणि अवयवांत फिरून जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी असतात, त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची एक सोय असते. विषाणू घुसल्याचं कळताच पेशी स्वतःचा जीव देते, म्हणजे तिच्याबरोबर विषाणूचा कारखानाही बंद पडतो. या मरणाला शास्त्रात अपॉप्टोसिस म्हणतात आणि ते घडवून आणणाऱ्या कात्रीसारख्या प्रथिनांना कॅस्पेज.

हा विषाणू ती सोय आपल्या हातात घेतो. त्याच्याकडे दीडशेहून जास्त प्रथिनं आहेत. त्यातलं ए-१७९-एल मरणाचा हुकूम सुरुवातीलाच अडवतं आणि ए-२२४-एल कॅस्पेजची कात्री धरून ठेवतं. पेशी जिवंत राहते आणि विषाणूच्या प्रती काढत बसते. पी-५४ नावाचं प्रथिन मात्र उलट्या बाजूचं. पेशीत माल वाहून नेणाऱ्या यंत्रणेला चिकटून ते विषाणूला आत पोचवतं आणि त्याच्यामुळे कॅस्पेजची कात्री चालूही होते. आधी राबवून घ्यायचं, मग मारायचं, असा हा क्रम.

खरा घात पुढेच आहे. विषाणू भरलेल्या भक्षकपेशी मरता मरता टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असे धोक्याचे रासायनिक निरोप बेसुमार सोडतात. ते ऐकून आजूबाजूच्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ज्यांच्यात विषाणू शिरलेलाही नसतो, त्या हजारोंनी जीव देतात. जनावर आतून निःशस्त्र होतं. मेलेलं डुक्कर उघडलं की हे डोळ्यांना दिसतं. पानथरी नेहमीच्या कितीतरी पट फुगलेली, काळीकुट्ट, बोटानं दाबली तर फुटेल अशी. लसिकाग्रंथी तर साकळलेल्या रक्ताच्या गाठीच वाटतात. हे मी सांगतो आहे ते तुम्ही उघडून बघू नये म्हणून. त्या रक्ताचा थेंब न् थेंब विषाणूनं भरलेला असतो, आणि सुरी, चप्पल, पाण्याची बादली यांच्यावरून तो पुढच्या शेडमध्ये जातो.

हा विषाणूचा रोग आहे, म्हणून इंजेक्शनचा आग्रह धरू नका. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही. भारतात या रोगावर मंजूर लस नाही. क्लासिकल स्वाइन फीव्हर हा दुसरा ताप दिसायला अगदी असाच असतो, त्याची लस मात्र मिळते. ती वेळच्या वेळी टोचून घ्या. दोन्ही तापांतला फरक डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. भोपाळच्या पशुरोग संस्थेत नमुना तपासल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये.

हा रोग १९२१ साली केनियातून नोंदला गेला. १९५७ मध्ये तो लिस्बनला पोचला, विमानतळावरचं खरकटं डुकरांना घातल्यामुळे. २००७ मध्ये जॉर्जिया, २०१८ मध्ये चीन, २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल. त्या वर्षी ब्रह्मपुत्रेत डुकरांची कलेवरं वाहत आली आणि काझीरंग्यात रानडुकरांना अडवायला चर खोदावा लागला. २०२२ मध्ये केरळचं वायनाड आणि आपल्या महाराष्ट्राला लागून असलेल्या मध्य प्रदेशातलं रीवा. नदी, ट्रक आणि खरकटं यांना राज्याची हद्द कळत नाही.

खरकट्याचं मी जरा जास्तच सांगणार आहे, कारण आपल्याकडे कितीतरी डुकरं हॉटेलच्या आणि मंगल कार्यालयाच्या उरल्यासुरल्या अन्नावरच वाढतात. ते घालूच नये, हे उत्तम. पण दुसरं काही परवडत नाही हेही मला माहीत आहे. मग निदान पातेल्याला उकळी आल्यावर तासभर, सतत ढवळत, ते शिजवा. वरवर गरम केलेलं चालत नाही. खारवलेल्या आणि धुरावलेल्या मांसात विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून गोव्यात चोरिसाच्या, म्हणजे डुकराच्या सॉसेजच्या, माळेतला कच्चा तुकडा किंवा मांस धुतलेलं पाणी डुकरापुढे टाकू नका. माणसाला हा रोग होत नाही. ज्यांच्या जेवणात डुकराचं मांस आहे, त्यांनी नीट शिजवून निर्धास्त खावं.

आता पैशांचं. सरकार भरपाई देतं ती रोग पसरू नये म्हणून नष्ट केलेल्या जनावरांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. पहिलं डुक्कर आजारी पडल्याबरोबर कळवलंत, तर उरलेली पंचनाम्यात येतात. चार दिवस लपवलंत, तर शेड रिकामी होते आणि कागदावर काही उरत नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. फोन केल्यावर माणूस येईपर्यंत मेलेलं जनावर नाल्यात टाकू नका, कुत्र्यांना ओढू देऊ नका. ताडपत्रीनं झाका. शेडमधल्या चपला शेडमध्येच ठेवा. आणि पुरायची वेळ आली, तर विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात, वर चुना पसरून.