भरवशाची म्हैस आणि छत्तीस गुण



परदेशातल्या मराठी मेजवानीत देव न मानणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘विमानात बसताना वैमानिकाचा परवाना तपासता का? डॉक्टरने दिलेली गोळी आधी प्रयोगशाळेत नेता का? मग तुमचीही श्रद्धाच झाली की! आमची देवावर, तुमची बोइंगवर.’ हशा होतो आणि पाने मांडली जातात.

प्रश्न वाटतो तितका थिल्लर नाही. मी पेशाने संशोधक आहे आणि रोज ज्या विधानांवर विसंबून काम करतो, त्यांतली बहुतेक मी स्वतः कधीच तपासलेली नाहीत. यंत्र बनवणाऱ्यावर, दुसऱ्या खंडातल्या कुणीतरी छापलेल्या आकड्यांवर, विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर मी विश्वास टाकतो. नाही टाकला तर एक दिवसही काम होणार नाही.

तरीही मराठीने ‘श्रद्धा’ आणि ‘भरवसा’ हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत ते उगीच नव्हे. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ अशी आपल्याकडे म्हणच आहे. (टोणगा होण्यात म्हशीचा काही दोष नसतो, हे शास्त्र तूर्त बाजूला ठेवू.) भरवसा फसू शकतो, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. फसला की माणूस चरफडतो आणि पुढच्या बाजारात दुसरी म्हैस बघतो. श्रद्धेबद्दल अशी म्हण मला आठवत नाही. नवस फळला तर देव पावला, नाही फळला तर आपलेच काहीतरी चुकले. या वहीत जमेची बाजू आहे, खर्चाची नाहीच.

इथे थुवालला मी जे पाणी पितो ते तांबड्या समुद्राचे, लीटरमागे सुमारे ४० ग्रॅम क्षार असलेले. ते जोराच्या दाबाने पडद्यांतून ढकलून गोडे केले जाते. तो प्रकल्प मी आतून पाहिलेला नाही. पण पडदा नादुरुस्त झाला तर मापकावर आकडा चढेल, आणि मापकही बंद पडला तर माझी जीभ सांगेल. कशाने माझा विश्वास उडेल हे मला आधीच ठाऊक आहे. श्रद्धावान मित्राला मी एवढेच विचारतो, की काय घडले तर तुम्ही मत बदलाल? बहुतेकदा विषय बदलतो.

हा नुसता शब्दच्छल वाटत असेल, तर आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. पुण्यातल्या माझ्या भाचीचे लग्न गेल्या वर्षी ठरता ठरता मोडले. दोघे वर्षभर एकमेकांना भेटत होते, पसंती होती. मग पत्रिका पाहिल्या आणि ‘एकनाड’ निघाली. छत्तीस गुणांपैकी आठ गुण एकट्या नाडीचे, आणि एकनाड असली तर संततीला धोका, असा समज. हल्ली याला शास्त्रीय फोडणीही देतात: एकनाड म्हणजे म्हणे एकच रक्तगट! नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून; तिचा रक्ताशी काडीचाही संबंध नाही. आणि नवराबायकोचा रक्तगट एकच असल्याने मुलांना काही होत नाही. हे बोलणाऱ्यांत अभियंते होते आणि एक डॉक्टरही.

ज्योतिषाची परीक्षा कुणी घेतलीच नाही असेही नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात ती घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० देऊन विचारले, की यांतली कुठली कुठल्या गटातली ते सांगा. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तर ५० आले असते. एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचे अहवाल इतक्या वेळा चुकले असते, तर महिन्याभरात तिला टाळे लागले असते. पत्रिकांचा धंदा मात्र तसूभरही हलला नाही, कारण तिथे मुळात भरवशाचा व्यवहारच नव्हता.

आता मी राहतो त्या देशाकडे पाहा. सौदी अरेबिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कट्टर धर्मनिष्ठा येते, आणि ती आहेच. पण २००४ पासून इथे लग्नाआधी वधूवरांची रक्ततपासणी सक्तीची आहे. थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे आजार इथे बरेच आढळतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी सक्तीची, निर्णय मात्र ज्याचा त्याचा. अहवाल प्रतिकूल आला तरी लग्न करता येते. सुरुवातीला लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. २००४ मध्ये धोका असलेल्या जोडप्यांपैकी जेमतेम ९ टक्क्यांनी बेत रद्द केला. २००९ पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या किंचित वर गेले. म्हणजे पाच वर्षांत लोकांचा त्या कागदावर भरवसा बसला. त्यासाठी कुणाला नमाज सोडावा लागला नाही.

मग आपले शिकलेले लोक पत्रिकेला का चिकटतात? मूर्ख म्हणून नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने ट्रोब्रियांड बेटांवरच्या कोळ्यांबद्दल एक निरीक्षण लिहून ठेवले आहे. खाडीसारख्या शांत, उथळ पाण्यात मासे हमखास मिळतात, तिथे ते मंत्रतंत्र करत नाहीत. खुल्या समुद्रात जीव जाऊ शकतो, तिथे मात्र मंत्राशिवाय होडी निघत नाही. आपल्याकडेही कुकर घेताना कुणी मुहूर्त बघत नाही. मुलगी परक्या घरी द्यायची म्हटले की बघतात. लग्न हा खुला समुद्र आहे आणि त्या आईबापांची भीती खरी आहे. माझ्या आईच्या वारीशी माझे काहीच भांडण नाही. तिचा विठोबा कुणाचे भविष्य सांगत नाही आणि कुणाचे लग्न मोडत नाही. भांडण आहे ते खऱ्या भीतीवर खोटे औषध विकणाऱ्याशी, आणि खरे औषध कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये असताना तिकडे न जाणाऱ्या आपल्याशी.

पुढच्या स्थळाला पत्रिकेऐवजी थॅलेसेमियाच्या तपासणीचा अहवाल मागा, असे मी ताईला सुचवले. ती चिडली. ‘रक्त तपासा म्हटले तर आमच्यातच काही खोट आहे असे समजतील,’ म्हणाली. पत्रिका मागितल्यावर कुणाला राग येत नाही, हे तिला मी बोलून दाखवले. भाचीने मात्र कुणाला न विचारता स्वतःची तपासणी करून घेतली आहे. पहिल्याच भेटीत तो कागद टेबलावर ठेवणार म्हणते. ताईची अजून तयारी नाही.