यंत्र काय सांगते आणि आपण काय विचारतो?

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध शाळेत आपण सर्वांनीच लिहिला आहे. मीही लिहिला. त्याचे खरे उत्तर मात्र मला गेल्या वर्षी घरातच मिळाले.

वहिनीला आठवा महिना होता. उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी टेपने तिचे पोट मोजले. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर, असा ठोकताळा असतो. आठवडा होता ३२ वा आणि टेप दाखवीत होती २७. त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितले. आजी म्हणाली, "मला सात पोरं झाली, तवा कुठं होतं यंत्र?" त्यांतली तीन गेली, हे ती बोलली नाही. शेजारच्या काकू कुजबुजल्या, "काय आहे ते कळंल का गं?" घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून वहिनीबरोबर मला धाडले. खरे तर यंत्राचे काम मलाही ठाऊक नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे डोके, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड मोजले. डोके बरोबर, पोट मात्र लहान. वारेतून बाळाला पुरेसे पोषण मिळत नव्हते. त्यांनी नाळेतला रक्तप्रवाह पाहिला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले. कारण वाढ एका मापावरून नव्हे, दोन मापांतल्या फरकावरून कळते. त्यामुळेच वहिनी वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचली. बाळ १ किलो ९०० ग्रॅमचे झाले, पण वाचले.

ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी हे तंत्र १९५८ साली वैद्यकीय जगापुढे मांडले. आपण त्याचे काय केले? गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली कायदा करावा लागला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ च मुली भरल्या. हा दोष यंत्राचा की आपल्या प्रश्नाचा? कायद्याची बंदी लिंग सांगण्यावर आहे, वाढ मोजण्यावर नाही. पण आपण एकच प्रश्न विचारत राहिलो, म्हणून सोनोग्राफी म्हटले की कोणी कुजबुजते, कोणी घाबरते. आणि बाळ वाढते आहे का, हे विचारायचेच राहून जाते.

आपल्या शिक्षणाचा घराला एवढा तरी उपयोग व्हावा. यापुढे कोणी तपासून आली, तर "काय आहे?" असे विचारू नका. "बाळ नीट वाढतंय ना?" असे विचारा.

वहिनीला मुलगा झाला की मुलगी, हे मी मुद्दामच लिहिलेले नाही.