जुन्या कापडाची नवी भेट
बारशाला पॉलिएस्टरचं गुळगुळीत ब्लँकेट नेण्यापेक्षा जुन्या सुती लुगड्याची गोधडी शिवून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण हळवेपणात नसून कापडाच्या गुणात आहे. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, ते मऊ पडतं, घाम टिपतं. थरांत अडकलेली हवा ऊब धरते आणि हाताचा बारीक धावदोरा ते थर सरकू देत नाही. ‘भेट म्हणून जुनं कापड कसं द्यायचं?’ असं विचारलं जातं. पण नवं सूतही निसर्गाला महागच पडतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८च्या अभ्यासानुसार, सगळे निकष धरले तर नव्या सुती पिशवीला प्लास्टिकशी बरोबरी करायला हजारो वेळा वापरावं लागतं. म्हणून मुलांच्या डब्याची पिशवीसुद्धा जुन्या चादरीचीच हवी, तळाला दुहेरी कापड आणि बंदांच्या टोकांना चौकोनात फुलीची पक्की शिवण घातलेली. वेळ नसेल तर मशीनवर शिवावं. कापडाचा गुण त्याने कमी होत नाही. एक आक्षेप मात्र रास्त आहे: वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना सैल पांघरूण नाकातोंडावर येण्याचा धोका असतो. तेव्हा पहिलं वर्ष गोधडी जागेपणी, नजरेसमोर खेळायला जमिनीवर अंथरावी. पुढे ती पांघरता येते, फाटली तर ठिगळ लावून पुन्हा वापरता येते, आणि वस्तू टाकण्याआधी दुरुस्त करायची असते हे मूल आपोआप शिकतं.